अण्णांची कच्ची वही

आमच्या पेठेतल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनला झाला, असं सरकारी कागद सांगतात. त्यातल्या बऱ्याच कागदांवर माझ्या वडिलांची सही आहे. अण्णा आमच्या भागातल्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. जून लागला की बाया पोरांना बखोटीला धरून शाळेच्या व्हरांड्यात यायच्या. पोर कोणत्या साली झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी म्हणायची, थोरल्या नणंदेचं लगीन झालं त्या दिवाळीला. कुणी म्हणायची, आमची म्हैस मेली त्याच्या मागल्या श्रावणात. अण्णा ते सगळं आधी आपल्या खाकी पुठ्ठ्याच्या कच्च्या वहीत बाईच्या शब्दांत उतरवून घेत. मग बोटांवर मोजून साल काढत आणि शाळेच्या दाखल-रजिस्टरात शाईने तारीख लिहीत. महिना बहुतेक जून आणि तारीख एक. दुसऱ्या शाळांतले मास्तर थेट रजिस्टरातच लिहीत. कच्ची वही ठेवायची खोड फक्त अण्णांची. आई त्यांची चेष्टा करायची. ते म्हणायचे, माणूस जे बोललं ते एकदा तरी जसंच्या तसं कुठंतरी राहावं.

आमच्या घराच्या परड्यात एक खोली होती, तिच्यात गौराक्का भाड्याने राहायची. ती सीमेकडच्या एका गावातून लहान पोर कडेवर घेऊन, नवरा गेल्यावर कोल्हापुरात आली होती. चिरमुऱ्याच्या भट्टीवर कामाला जायची. संध्याकाळी ती परतली की तिच्या लुगड्याला तापल्या वाळूचा आणि भाजक्या तांदळाचा वास असायचा. तो वास आणि तिच्या चाळणीचा सर्र सर्र आवाज माझ्या लहानपणाला असा चिकटलाय की आजही रस्त्यात कुठं भडंग परतत असले तर मी उभा राहतो. ती मला तम्मा म्हणायची. तिच्या भागातल्या कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. शनिवारी ती कुळथाचं माडगं करायची आणि पहिली वाटी आमच्याकडे पाठवायची. आई उलट वाटीतून खर्डा पाठवायची. रिकामी वाटी दोन्ही घरांतून कधी परत गेली नाही.

तिचा मुलगा मल्लू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शाळेत त्याचं डोकं चाललं नाही, पण तालमीत चाललं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती, तिच्या वस्तादांनी त्याला दहाव्या वर्षी लाल मातीत उतरवला. पहाटे जोर, संध्याकाळी लढत, आणि मध्ये कट्ट्यावर उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध. गवळी समोरच धार काढून फेसाचा पेला हातात द्यायचा. मल्लूच्या पेल्याची सोय तालमीने केली होती. पंधराव्या वर्षी तो असा भरला की नवखं माणूस त्याला ‘अहो पावणं’ म्हणून रस्ता विचारायचं. मग मल्लू इतका लाजायचा की उत्तर मलाच द्यावं लागायचं. तो झोपायचा मात्र अजून आईच्या वाकळेत, आणि चिरमुरे खाताना मुठीतून सांडायचा, तेव्हा गौराक्का त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

बावड्याच्या बाजूला एका शेतात कुस्त्यांचं मैदान होतं. निकालावरून दोन तालमींत जुंपली. दगड, काठ्या, फेट्यात गुंडाळलेली वजनं. त्या गोंधळात दुसऱ्या तालमीच्या एका माणसाचा डोळा गेला. पोलिसांनी पाच जणांना उचललं, त्यात मल्लू होता. बाकीचे चौघे बाप्ये, दोघांना लेकरंबाळं. नेमका कुणाचा दगड लागला हे कधीच कळलं नाही. मल्लूनं मला पुढं सांगितलं ते एवढंच, की त्याच्या हातात त्या वेळी वस्तादांचा कोट होता, तो सांभाळायला दिलेला.

वस्ताद कोठडीत जाऊन त्याला भेटले. त्यांचा हेतू सगळाच वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. संस्थान विलीन झालं होतं, मुंबईचे कायदे इकडे लागू झाले होते, आणि सोळा वर्षांच्या आतल्या पोराला तुरुंगात घालत नाहीत, एवढं तालमीच्या वकिलाने त्यांना सांगितलं होतं. वस्ताद मल्लूला म्हणाले, “तू पोरगं हाईस. पोराला सरकार काय करत न्हाई. तू म्हण मी मारलं. चार घरं वाचतील.” ज्याने मातीत उतरवलं त्या माणसाचा शब्द मल्लू मोडणार नव्हता. त्याने मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली. चौघे सुटले. तालमीत नारळ फुटला. मग पोलिसांनी शाळेचा दाखला पुढं ठेवला आणि त्यावर मल्लाप्पाचं वय निघालं सतरा. डॉक्टरांनी त्याचे दंड बघितले, दात बघितले आणि लिहिलं, सतरा ते अठरा. जे दूध आणि जी माती त्याला पोसत आली होती त्यांनीच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. वस्ताद त्यानंतर गौराक्काच्या दारात आले नाहीत. ती तालमीत गेली तर माणसं म्हणाली, वस्ताद गावाला गेलेत. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

ती माझ्याकडे आली, कारण मी कॉलेजात जात होतो आणि तिच्या लेखी कॉलेजात जाणाऱ्याला कोर्ट कळतं. म्हणाली, “तम्मा, मला एक वकील बघून दे. मी बोलाया गेली तर माझं निम्मं त्येंना कळत न्हाई.” दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं हिंडायला लागलो. ती मागं, मी पुढं. तिच्या ओच्यात चिरमुरे असायचे, मला भूक लागेल म्हणून आणलेले.

पहिल्यांदा आम्ही तालमीच्याच वकिलांकडे गेलो, कारण दुसरं कुणी माहीतच नव्हतं. ते सरळ म्हणाले, त्याने कबूल केलंय आणि त्या कबुलीवर माझी माणसं सुटलीत, आता मी त्याच्या बाजूने कसा उभा राहू? दुसरे वकील नावाजलेले. त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही; ओट्यावर बसलेल्या कारकुनाने कोणती तालीम ते विचारलं, पान थुंकलं आणि साहेब परगावी आहेत म्हणाला. तिसऱ्यांनी आत बसवलं, पाणी दिलं, आणि गौराक्काला समजावलं की पोरगं दांडगं आहे, चार वर्षं आत राहून येईल, बाहेर तरी काय करणार होतं? ती उठली. जिना उतरताना म्हणाली, “त्यो वकील न्हवं, मर्तिकाला आल्यागत बोलतोय.” मला हसू आलं आणि तीही हसली. त्या सगळ्या दिवसांतलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं.

चौथे बापूसाहेब वकील. हे संस्थानच्या काळातले, मोडी कागदांचे जाणकार. राज्य गेलं तसे त्यांचे पक्षकारही गेले. त्यांच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि ते भिंग घेऊन नवीन कायद्याचं पुस्तक वाचत बसले होते, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखे. आतापर्यंत प्रत्येकाने विचारलं होतं, पोराने मारलं का? बापूसाहेबांनी विचारलं, पोराचं वय काय?

गौराक्का म्हणाली, पंचगंगेचं पाणी देवळात आलं होतं त्या पावसाळ्यात झाला. बापूसाहेबांनी साल काढलं आणि पंधरा आलं. मग रजिस्टरात सतरा कसं? ती माझ्याकडे बघायला लागली. तिला ते पुरतं आठवत होतं, पण सांगायचं तर माझ्या बापाचं नाव येत होतं, म्हणून ती गप्प होती. मीच सांगितलं. ती पोराला घेऊन शाळेत आली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि शाळेत सहाच्या आत घेत नसत. भट्टीवर जायचं तर पोर ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी दोन वर्षं वाढवून लिहिली. मी तेव्हा आठ वर्षांचा, व्हरांड्यात पाटी पुसत बसलो होतो, म्हणून मला माहीत होतं. आणि मी पुढं असंही म्हणालो, “अण्णांची कच्ची वही आहे. तिच्यात खरं लिहिलेलं असणार.”

बापूसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. ते म्हणाले, “ती वही असेल तर हा खटला मुलांच्या कोर्टात जातो. तुरुंग संपला. आईच्या ताब्यात देतील, फार तर थोडे दिवस सुधारगृहात ठेवतील. पण मास्तरांनी ती स्वतः आणली पाहिजे आणि अक्षर माझं आहे असं सांगितलं पाहिजे. आणि आता हे मला कळलं, म्हणजे तो पुरावा झाला. त्याला कुणी हात लावला तर तो आत जाईल, हे घरात सांगून ठेव.” तारीख दुसऱ्याच दिवशी होती. फीचं त्यांनी विचारलं नाही. गौराक्का वाकून त्यांच्या पाया पडली, आणि जिन्याखाली आल्यावर माझ्याही पडायला गेली. मी मागं सरलो.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि ट्रंक उघडली. वह्या सालवार बांधलेल्या होत्या. त्यांनी हवी ती काढली, चष्मा लावला आणि ते पान माझ्यापुढं धरलं. पेन्सिलीतलं अक्षर जरा पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. मी ते एकदाच वाचलं. वही त्यांनी दाराजवळच्या खुंटीवरच्या कापडी पिशवीत घातली आणि परत जेवायला बसले. आई म्हणाली, पेन्शनीला आठ महिने राहिलेत; सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलं असं आपल्या तोंडाने सांगणाऱ्याला पेन्शन देतात का? अण्णा म्हणाले, “बहुतेक नाही देत.” मग आई फक्त माझ्या दोन बहिणींकडे बघत राहिली. अण्णा खाली बघून जेवत होते. ताक मागून घेतलं, भुरका मारला, आणि म्हणाले, “त्या वेळी दोन वर्षं लिहायला मला एक मिनिट लागलं होतं.”

सकाळी बंब पेटवायचं काम माझं. इतक्या वर्षांत नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, माझ्या स्वतःच्या मुलांनीही जे काही ऐकलं आहे ते असं, की मास्तर आयत्या वेळी भ्याले आणि साक्षीत फिरले. मी ते सगळ्यांना ऐकू दिलं. अण्णांच्या तेराव्यालाही कुणीतरी ते कुजबुजलं आणि मी पंगत वाढत राहिलो. म्हणून आता लिहितो. पिशवीतून वही मी काढली. मला कुणी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. पहिलं पान फाडून मी ढलप्यांखाली घातलं, मग दुसरं, मग सगळी वहीच नळीत कोंबली. पुठ्ठा ओला होता की काय कोण जाणे, लवकर पेटेना, तर मी चिमट्याने खाली ढकलला. मनात एवढंच होतं की पेन्शन गेली तर माझं कॉलेज गेलं. बहिणींची लग्नं वगैरे मला नंतर सुचली, स्वतःला समजावताना. पाणी चांगलं कडकडीत तापलं. अण्णांनी त्या पाण्याने अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, पिशवी खांद्याला लावली. मल्लूला द्यायला आईने फडक्यात भाकरी बांधून दिली होती, ती त्यांनी पिशवीत वरच्या वर ठेवली. परड्यातून गौराक्का आली. नवं नाही, पण घडीचं लुगडं नेसली होती.

कोर्टात मल्लू उभा होता. इतक्या दिवसांत तो वाळला होता, आणि वाळल्यावर पंधरा वर्षांचा दिसत होता. अण्णांना बघून तो लाजून हसला, शाळेत उशिरा आल्यावर हसायचा तसा. बापूसाहेबांनी विचारलं, “मास्तर, या मुलाला तुम्ही शाळेत घेतलंत तेव्हाची तुमच्या हातची टिपणवही आहे ना?” अण्णा हो म्हणाले. पिशवीत हात घातला. भाकरीचं फडकं काढलं, चष्म्याचं घर काढलं. पिशवी उलटी केली. मग त्यांनी मान वर केली, आणि एवढ्या भरल्या कोर्टात त्यांनी दुसऱ्या कुणाकडेही बघितलं नाही, फक्त माझ्याकडे. मी खाली बघितलं. तेवढं त्यांना पुरलं.

सरकारी वकील उठून म्हणाले की मास्तर आत्ताच वही आहे म्हणाले, आता नाही; मग घरात कुणी ती नाहीशी केली असं त्यांचं म्हणणं आहे का? असेल तर नाव सांगावं. बापूसाहेब त्यांना अडवायला उठले. पण अण्णा बोलले होते. “वही नव्हतीच. मी चुकून हो म्हणालो. रजिस्टरातली नोंद बरोबर आहे.”

मग मागून गौराक्काचा आवाज आला. ती ओरडली नाही. “मास्तर, तुमीच लिवलंसा की ओ. माझ्याम्होरं लिवलंसा.” शिपायाने तिला गप्प केलं. मल्लूकडे मी बघितलं नाही, त्यामुळे त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. बापूसाहेबांनी आपले कागद एकावर एक ठेवले, परत ठेवले, तिसऱ्यांदा ठेवले. जाताना ते माझ्याशेजारी थांबले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, “तुझे वडील खोटं बोलायला शिकलेले दिसत नाहीत. आज त्यांना फार जड गेलं.” आणि छत्री टेकत निघून गेले. मल्लूला तीन वर्षांची शिक्षा झाली, मोठ्या माणसांच्या तुरुंगात.

आम्ही चालत घरी आलो. अण्णा पुढं, मी दहा पावलं मागं. वाटेत त्यांना नमस्कार करणाऱ्यांना ते रोजच्यासारखा नमस्कार करत होते. दारात चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बंबात राख फार झालीय. काढून टाक.” त्या गोष्टीबद्दल ते जन्मात माझ्याशी बोलले ते हे एवढंच. त्यानंतर त्यांनी कधी गरम पाण्याने अंघोळ केली नाही. थंडीतही आडाचं पाणी घेत. कुणी विचारलं तर बंबाचा धूर सोसत नाही म्हणायचे. पेन्शन मिळाली. माझं कॉलेज झालं, नोकरी लागली. ट्रंकेतल्या बाकीच्या वह्या त्यांनी एकदा रद्दीवाल्याला देऊन टाकल्या, मोजल्याही नाहीत. गौराक्काने मात्र साक्षीच्या त्याच आठवड्यात खोली सोडली होती. भांडली नाही. जाताना आमची एक वाटी तिच्याकडे राहिली होती ती घासून ओट्यावर पालथी ठेवून गेली. रिकामी.

मी तरुणपणी अण्णांवर रागावलेलो असायचो, हेही सांगितलं पाहिजे. हा माणूस मला दोन थोबाडीत का देत नाही, कोर्टात माझं नाव का नाही घेतलं, मला का वाचवलं, असा राग. मला वाटायचं त्यांनी मला फसवलं. आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं आणि एकदाच खोटं बोलले ते माझ्यासाठी, आणि ते खोटं मला कायमचं सांभाळायला दिलं. आता त्यांच्यापेक्षा माझं वय जास्त झालंय. आता मला वाटतं, त्या मिनिटाला त्यांच्यासमोर दोन पोरं उभी होती आणि दोन्ही त्यांचीच होती. एकाला त्यांनी दोन वर्षं दिली होती, ती त्याला भोवली. दुसऱ्याने त्यांना दुसरी वाटच ठेवली नव्हती.

मल्लू पुष्कळ वर्षांनी भेटला, दुधाच्या कट्ट्यावर. म्हशी उभ्या होत्या, धारांचा आवाज येत होता. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं. शिरोलीत फौंड्रीत कामाला होता, हातांवर वितळलेल्या लोखंडाचे डाग. मातीत परत उतरला नाही म्हणाला. तुरुंगात पाय मोडला होता तो नीट बसलाच नाही. आई गेली, शेवटपर्यंत सीमेकडं भावाजवळ होती. मी काही बोलायच्या आत त्याने गवळ्याला दोन पेले सांगितले.

“मास्तरांचं मी मनात धरलंय,” तो म्हणाला. “खोटं न्हाई सांगत. ते गेल्याचं कळलं तवा मी आलो न्हाई. पर तुजं तसं न्हाई. तू आमच्या अव्वासंगं दारोदार वकील हुडकत हिंडलास. ती मरस्तवर म्हणायची, तम्मा तेवढा एकटा आपल्या बाजूला हुता.”

गवळ्याने पेला माझ्या हातात दिला. दूध कोमट होतं, फेस काठावर आला होता. सांगायला ती वेळ होती. मल्लू माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, त्याच जुन्या लाजऱ्या हसण्याने. मी पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यालो. तो म्हणाला, “आणि एक घे.” मी आणि एक घेतला.

तोही आता नाही. त्याचा मुलगा शिरोलीतच असतो. हे प्रकरण छापण्याआधी त्याला वाचायला दिलं आहे. त्याने अजून उत्तर पाठवलेलं नाही, आणि त्याने पाठवावं असं मी म्हणू शकत नाही. वहीतलं ते पान मी एकदाच वाचलं होतं, पण ते मला पाठ आहे. त्याची दुसरी प्रत कुठंही नाही, म्हणून इथं उतरवून ठेवतो. अक्षर अण्णांचं होतं.

“मल्लाप्पा. आई गौरव्वा, भट्टीवर कामाला. सांगते, पाणी देवळात आलं त्या पावसाळ्यात झाला. म्हणजे चार. सहा लिहिले. पोर कुणाजवळ ठेवणार ती. पुढं कधी अडलं तर मी आहे.”